बॅकअप झाला, पण स्नॅपशॉट मिटला का?

रात्रीच्या बॅकअपचा अहवाल सकाळी उघडला की नजर एकाच गोष्टीवर जाते: काम यशस्वी झालं की फसलं. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाच्या, बाबतीत एवढं पाहून भागत नाही. डेटा बॅकअपच्या साठ्यात जाऊन पोहोचला, म्हणजे निम्मं काम झालं. बॅकअपसाठी जो स्नॅपशॉट (डिस्कची एका क्षणाची अवस्था गोठवून ठेवणारा टप्पा) घेतला होता, तो पुन्हा मूळ डिस्कमध्ये विलीन झाला म्हणजे ते पूर्ण होतं. मशीन दिवसेंदिवस मंदावत जाणं, डेटास्टोअर (मशिनांच्या फाईली ठेवायची जागा) अचानक भरणं, पहाटे काही सेकंदांसाठी सर्व्हर गायब होणं, अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ या दुसऱ्या निम्म्या कामात सापडतं. त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही, म्हणून या लेखात भर त्यावर आहे. पण तिथे जाण्याआधी स्नॅपशॉट घेतल्यावर आत नेमकं काय होतं, ते पाहून घेऊ.

मूळ डिस्क थांबते, लिहिणं थांबत नाही

व्हर्च्युअल मशीनची डिस्क ही प्रत्यक्षात एक मोठी फाईल असते. अशी मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात, आणि त्यानुसार फाईलचा प्रकार बदलतो: व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स, केव्हीएममध्ये बहुधा क्यूकाउ-टू. मशीन चालू असेपर्यंत ही फाईल सतत बदलत राहते. ती कॉपी करायला दोन तास लागले असं धरा. मग कॉपीचा सुरुवातीचा भाग दहा वाजताचा आणि शेवटचा भाग बारा वाजताचा असेल. मधल्या वेळात डेटाबेसने शेवटच्या भागात नवी नोंद लिहिली आणि सुरुवातीच्या भागातली सूची बदलली, तर कॉपीमध्ये नोंद नवी आणि सूची जुनी अशी अवस्था येईल. मशीनवर अशी अवस्था कधीच नव्हती. त्या कॉपीवरून मशीन उभं राहील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

स्नॅपशॉट हा पेच सोडवतो. तो घेतला की हायपरव्हायझर मूळ फाईलवर लिहिणं बंद करतो आणि शेजारी एक नवी फाईल उघडतो. त्या क्षणानंतर मशीन जे काही लिहील, ते या नव्या फाईलमध्ये जातं. तिला डेल्टा फाईल म्हणतात. व्हीएमवेअरमध्ये तिच्या नावाच्या शेवटी ०००००१ असा आकडा येतो, हायपर-व्हीमध्ये ती एव्हीएचडीएक्स या प्रकारची असते. मूळ फाईल आता गोठलेली असल्यामुळे बॅकअपचा प्रोग्राम ती निवांत वाचू शकतो आणि मशीनवर काम करणाऱ्यांना काही कळतही नाही.

नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर नव्या रेघा काढाव्यात, तसं हे आहे. वरून पाहणाऱ्याला कागदावर जिथे रेघ आहे तिथे ती दिसते, जिथे कागद कोरा आहे तिथे खालचा नकाशा दिसतो. दुसरा स्नॅपशॉट घेतला की पहिल्या कागदावर आणखी एक कागद चढतो. आणि स्नॅपशॉट काढून टाकायचा, तर कागद नुसता उचलून चालत नाही. त्यावरच्या सगळ्या रेघा आधी खालच्या नकाशावर गिरवाव्या लागतात.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, डेल्टा फाईल म्हणजे डिस्कची प्रत नव्हे. मूळ फाईल नसेल, तर तिला काडीचाही अर्थ उरत नाही. दुसरी, अशा थरांची साखळी जितकी लांब तितकं वाचन महाग, कारण प्रत्येक ब्लॉक, म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा, कोणत्या थरात आहे ते शोधावं लागतं. हा हिशेब बारीक तुकड्यांत ठेवला जातो. व्हीएमवेअरच्या जुन्या डेल्टा पद्धतीत ५१२ बाइटच्या, आणि व्हीएमएफएस ६ या व्हीएमवेअरच्या फाईल सिस्टिमवर वापरल्या जाणाऱ्या एसईस्पार्स पद्धतीत ४ किलोबाइटच्या. तिसरी गोष्ट जागेची. एकच ब्लॉक दिवसभरात हजार वेळा बदलला, तरी एका डेल्टामध्ये तो एकदाच जागा घेतो, म्हणून एक डेल्टा मूळ डिस्कच्या आकाराच्या फारशी पुढे जात नाही. पण प्रत्येक स्नॅपशॉटचा डेल्टा वेगळा असतो. ५०० गीगाबाइटच्या डिस्कवर तीन स्नॅपशॉट राहिले आणि प्रत्येकाच्या काळात सगळी डिस्क नव्याने लिहिली गेली, तर एकूण व्याप २ टेराबाइटवर जाईल. रोजच्या वापरात एवढं होत नाही. पण डिस्कचं डिफ्रॅग, डेटाबेसच्या इंडेक्सची पुनर्बांधणी किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचं मोठं अपडेट स्नॅपशॉट उघडा असताना सुरू झालं, की डेल्टा बघता बघता फुगतो.

स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे, हे वाक्य पुष्कळदा ऐकू येतं. त्याचं कारण वरच्या पहिल्या गोष्टीत आहे. डेल्टा आणि मूळ फाईल सहसा एकाच डेटास्टोअरवर असतात. डेटास्टोअर गेलं की दोन्ही गेले.

गोठवण्याचा क्षण

स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी मशीनच्या मेमरीमध्ये अजून डिस्कवर न उतरलेला डेटा असतो. त्याचा विचार न करता घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्यावर डिस्कची जी अवस्था असते, ती. याला क्रॅश-कन्सिस्टंट म्हणतात. ही अवस्था समजतात तितकी वाईट नसते. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन बदलाची नोंद आधी लॉगमध्ये करतं, त्यामुळे अशा अवस्थेतून ते स्वतःला सावरतं. अट एवढीच की डेटा आणि लॉग एकाच क्षणाचे हवेत. ते दोन वेगळ्या डिस्कवर असले आणि त्यांतली एक स्नॅपशॉटमधून वगळलेली असली, तर ही अट मोडते.

याहून बरी अवस्था हवी असेल, तर मशीनच्या आतल्या प्रोग्रामना आधी सूचना द्यावी लागते. विंडोजमध्ये हे काम व्हीएसएस ही सेवा करते. एसक्यूएल सर्व्हर, एक्स्चेंज, ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांचे रायटर नावाचे घटक तिच्याशी जोडलेले असतात. सेवेने सांगितलं की ते हातातलं लिखाण पूर्ण करतात आणि क्षणभर थांबतात. हा थांबा फार लांबवता येत नाही. डिस्कवरचं लिखाण रोखून धरायची मुदत १० सेकंदांची असते, तेवढ्यात स्नॅपशॉट झाला नाही तर प्रयत्न फसतो. फार व्यस्त डेटाबेस सर्व्हरवर बॅकअप अधूनमधून व्हीएसएसच्या चुकीने पडतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. त्या वेळी दुसरं कोणतं जड काम चालू होतं ते शोधून बॅकअपची वेळ हलवणं, हा माझ्या मते पहिला उपाय.

लिनक्समध्ये व्हीएमवेअर टूल्स किंवा क्यूईएमयूचा गेस्ट एजंट फाईल सिस्टिम गोठवतो. पण डेटाबेसला त्याची खबर आपोआप मिळत नाही. त्यासाठी गोठवण्याआधी आणि नंतर चालणाऱ्या दोन छोट्या स्क्रिप्ट लिहाव्या लागतात. गोठवणारी स्क्रिप्ट चालली आणि सोडवणारी अडकली तर डेटाबेस थांबलेलाच राहतो, म्हणून दुसऱ्या स्क्रिप्टची चाचणी पहिलीपेक्षा जास्त कसून करावी.

एसक्यूएल सर्व्हरचे डिफरन्शियल बॅकअप (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेणारे) वेगळे घेत असाल, तर आणखी एक काळजी घ्या. व्हीएसएसमार्फत घेतलेला पूर्ण बॅकअप त्या डिफरन्शियलचा आधार बदलून टाकतो. बॅकअप प्रोग्राममध्ये कॉपी-ओन्ली हा पर्याय असतो, तो निवडला की ही गडबड टळते.

स्नॅपशॉट घेताना मेमरीही साठवायचा पर्याय असतो. बॅकअपसाठी त्याची गरज नाही. मशीनला ६४ गीगाबाइट मेमरी असेल, तर तेवढीच आणखी एक फाईल डिस्कवर पडते आणि स्नॅपशॉट घ्यायला वेळ लागतो तो वेगळाच.

स्नॅपशॉटचं आयुष्य कमी कसं करायचं

बॅकअपचं वाचन चालू असेपर्यंत स्नॅपशॉट उघडा ठेवावा लागतो. म्हणून वाचन जितकं लवकर आटपेल तितकं चांगलं. १ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने पूर्ण वाचायची, तर सुमारे पावणेतीन तास लागतात. कालपासून बदललेले ३० गीगाबाइटच वाचायचे असतील, तर पाच मिनिटं पुरतात. पावणेतीन तास उघडा राहिलेला स्नॅपशॉट आणि पाच मिनिटं राहिलेला स्नॅपशॉट यांच्या विलीनीकरणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कोणते ब्लॉक बदलले याची यादी हायपरव्हायझर स्वतः ठेवतो. व्हीएमवेअरने ही सोय २००९मध्ये आपल्या व्हीस्फिअर या उत्पादनाच्या ४.० आवृत्तीसोबत आणली, तिला सीबीटी म्हणतात. हायपर-व्हीमध्ये ती विंडोज सर्व्हर २०१६पासून आरसीटी या नावाने आहे. केव्हीएमच्या जगात डर्टी बिटमॅप हेच काम करतो. ही सोय चालू आहे ना, हे प्रत्येक मशीनसाठी तपासलं पाहिजे. ती बंद असली तरी बॅकअप यशस्वीच दिसतो, फक्त रोज पूर्ण डिस्क वाचली जाते. केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्समध्ये मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की बिटमॅप पुसला जातो आणि पुढचा बॅकअप लांबतो. त्यात बिघाड काही नाही.

मात्र या यादीवर आंधळा विश्वास ठेवू नये. डिस्क वाढवताना तिचा आकार १२८ गीगाबाइटची सीमा ओलांडून गेला, तर व्हीएमवेअरची यादी चुकीची येऊ शकते, असा दोष २०१४मध्ये उघड झाला होता. तो नंतर दुरुस्त झाला. पण तोवर घेतलेले वाढीव (फक्त बदललेले ब्लॉक घेणारे) बॅकअप अपुरे असण्याची शक्यता होती, आणि अहवालात ते हिरवेच दिसत होते. म्हणून अधूनमधून यादी बाजूला ठेवून पूर्ण डिस्क वाचणारा बॅकअप घ्यावा आणि डिस्कचा आकार बदलल्यावर किंवा मशीन जुन्या स्नॅपशॉटवर परत नेल्यावर तर आवर्जून घ्यावा.

विलीनीकरण: इथे खरं लक्ष हवं

वाचन संपलं की बॅकअप प्रोग्राम हायपरव्हायझरला स्नॅपशॉट काढून टाकायला सांगतो. डिलीटचं बटण दाबताना अनेकांना नवा डेटा जाईल अशी धास्ती वाटते. तसं होत नाही. डेल्टामधले ब्लॉक मूळ डिस्कमध्ये लिहिले जातात आणि मग डेल्टा फाईल जाते. मशीनची आजची अवस्था जशीच्या तशी राहते. स्नॅपशॉटनंतरचं सगळं जातं ते रिव्हर्ट केल्यावर, म्हणजे मशीन स्नॅपशॉटच्या क्षणावर परत नेल्यावर. या दोन बटणांत गल्लत होणं फार महागात पडतं. नव्या सहकाऱ्याला इतर काहीही शिकवण्याआधी हा फरक दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

विलीनीकरण अवघड का, तर ते चालू असतानाही मशीन लिहीतच असतं. व्हीस्फिअर ५.५पर्यंत यावरचा उपाय असा होता: जुना डेल्टा विलीन होत असताना नवं लिखाण झेलायला आणखी एक मदतनीस स्नॅपशॉट घ्यायचा, मग तो विलीन करायचा, तेवढ्यात आणखी लिखाण जमलेलं असणार, ते पुन्हा विलीन करायचं. उरलेला भाग पुरेसा लहान झाला की मशीन क्षणभर थांबवून शेवटचा तुकडा लिहायचा. जिथे लिखाणाचा वेग विलीनीकरणाच्या वेगाहून जास्त, तिथे हा खेळ लांबायचा आणि शेवटचा थांबाही वाढायचा. व्हीस्फिअर ६.०मध्ये पद्धत बदलली. आता विलीनीकरण चालू असताना नवं लिखाण मूळ डिस्कवर आणि डेल्टावर एकाच वेळी जातं, त्यामुळे शेवटचा थांबा बराच लहान झाला. हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१२पासून चालू मशीनवर विलीनीकरण होतं. त्याआधीच्या २००८ आर-टूमध्ये मशीन बंद केल्याशिवाय ते व्हायचंच नाही.

थांबा लहान झाला, पण नाहीसा झाला नाही. साध्या फाईल सर्व्हरवर एखादा सेकंद कोणाच्या लक्षात येत नाही. क्लस्टरमधली मशिनं मात्र एकमेकांना सतत खुणा पाठवत असतात. काही सेकंद खूण आली नाही, की साथीदार मेला असं धरून काम दुसरीकडे हलवलं जातं. फोन कॉल हाताळणारा सर्व्हर असेल, तर चालू संभाषण तुटतं. एक प्रसंग तर खास लक्षात ठेवण्यासारखा आहे: डेटास्टोअर एनएफएस ३ या नेटवर्कवरच्या फाईल-साठ्यावर, बॅकअपचा प्रॉक्सी (बॅकअपसाठी डेटा वाचणारं मशीन) हॉट-ॲड पद्धतीने डिस्क थेट स्वतःला जोडून घेणारा, आणि तो प्रॉक्सी मशीनपेक्षा वेगळ्या होस्टवर, म्हणजे वेगळ्या प्रत्यक्ष सर्व्हरवर. फाईलवरचं कुलूप सुटायला वेळ लागल्यामुळे स्नॅपशॉट काढताना मशीन सुमारे ३० सेकंद बधिर होऊ शकतं. प्रॉक्सी त्याच होस्टवर ठेवला किंवा डेटा नेटवर्कवरून वाचला, की हा त्रास जातो.

मोठ्या आणि जुन्या स्नॅपशॉटचं विलीनीकरण तासन् तास चालतं. पडद्यावरचा आकडा ९९ टक्क्यांवर येऊन थबकतो आणि काम अडकलं असं वाटतं. अशा वेळी ते रद्द करू नका, होस्ट रिस्टार्ट करू नका. डेटास्टोअरवरची वाचन-लेखनाची हालचाल पाहा. ती चालू असेल तर काम पुढे सरकत आहे. मोठं विलीनीकरण कमी वापराच्या वेळीच सुरू करावं आणि त्याच वेळी दुसऱ्या बॅकअपची पाळी येणार नाही असं वेळापत्रक लावावं. एकाच डेटास्टोअरवर अनेक स्नॅपशॉट एका वेळी उघडणं किंवा मिटवणंही टाळावं. वीम या प्रोग्राममध्ये एका डेटास्टोअरवर एका वेळी चारच स्नॅपशॉट उघडे राहतील अशी मर्यादा मुळातच घातलेली आहे. ती वाढवायचा मोह होतो, पण मी ती सहसा तशीच ठेवावी असं सांगेन.

आणि डेल्टा फाईल हाताने कधीही पुसू नका. फाईलची तारीख जुनी दिसते, नाव अनोळखी असतं, जागा हवी असते, आणि कोणीतरी ती उडवतं. साखळीतला एक दुवा गेला की त्यानंतरचं सगळं लिखाण निरर्थक होतं. तसंच, वर डेल्टा असताना कमांड चालवून मूळ डिस्कचा आकार वाढवू नका. डेल्टामधला हिशेब मूळ डिस्कच्या जुन्या मापावर बेतलेला असतो, तो बिघडतो.

मागे राहिलेले स्नॅपशॉट

बॅकअप यशस्वी, स्नॅपशॉटच्या यादीत काहीच नाही, आणि तरीही मशीन डेल्टावरच चाललेलं, असं घडू शकतं. व्हीएमवेअर स्नॅपशॉटची नोंद वेगळ्या फाईलमध्ये ठेवतं. काढून टाकण्याची आज्ञा मिळाली की नोंद आधी जाते, विलीनीकरण नंतर होतं. विलीनीकरण फसलं, तर नोंद गेलेली आणि फाईल राहिलेली अशी स्थिती उरते. दुसऱ्या रात्री नवा स्नॅपशॉट त्याच्यावर चढतो, तिसऱ्या रात्री आणखी एक. २०११च्या व्हीस्फिअर ५.०पासून अशा मशीनवर डिस्क कन्सॉलिडेट करण्याची सूचना दिसते आणि मेनूमध्ये त्याची आज्ञाही असते. सूचना मात्र कोणी वाचली तर उपयोग.

विलीनीकरण फसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कुलूप. हॉट-ॲड पद्धतीत बॅकअपचा प्रॉक्सी मूळ डिस्क स्वतःला जोडून घेतो. काम मध्येच तुटलं, प्रॉक्सी रिस्टार्ट झाला, नेटवर्क गेलं, तर ती डिस्क प्रॉक्सीला जोडलेलीच राहते. मग मूळ फाईल कोणीतरी वापरत आहे असं हायपरव्हायझरला दिसतं आणि तो तिला हात लावत नाही. अशा वेळी आधी प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये जाऊन परक्या मशीनची डिस्क जोडलेली आहे का ते पाहावं. असेल तर ती फक्त प्रॉक्सीपासून सोडवावी. तिथे फाईलही डिस्कवरून पुसण्याचा पर्याय समोर येतो, तो चुकूनही निवडू नये. ती फाईल चालू मशीनची आहे. डिस्क सुटली की कन्सॉलिडेटची आज्ञा बहुधा पहिल्याच फटक्यात चालते.

हायपर-व्हीमध्ये स्नॅपशॉटला २०१२ आर-टूपासून चेकपॉइंट म्हणतात. बॅकअपसाठी घेतलेला चेकपॉइंट मागे राहिला, तर मॅनेजरच्या खिडकीत तो दिसतो, पण त्यावर डिलीटचा पर्याय नसतो. तो पॉवरशेलमधून काढावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक एव्हीएचडीएक्स फाईलच पुसायला जातात, आणि मग बॅकअपवरून रिस्टोअर करण्यावाचून मार्ग उरत नाही.

जागेचा हिशेब

वीस मशिनं, प्रत्येकाची डिस्क ५०० गीगाबाइट, दिवसाला ४ टक्के बदल, म्हणजे प्रत्येकी २० गीगाबाइट. सगळे स्नॅपशॉट तीन तास उघडे राहिले, तर एकूण डेल्टा ५० गीगाबाइटच्या आसपास भरेल. हेच स्नॅपशॉट दहा दिवस विसरले गेले आणि रोज नवेच ब्लॉक बदलत राहिले, तर आकडा ४ टेराबाइटवर जातो. डिस्क तेवढ्याच, मशिनं तीच, वाढला तो फक्त स्नॅपशॉट उघडा राहण्याचा काळ.

डेटास्टोअर पूर्ण भरलं की नवं लिखाण करायला जागा नसलेली मशिनं थांबतात. डेटा लगेच नष्ट होत नाही, पण काम बंद पडतं, आणि घाईत चुका होतात त्या इथेच. विलीनीकरणालाही थोडी मोकळी जागा लागते. मूळ डिस्क थिन प्रकारची (लिहिलं जाईल तसतशी जागा घेणारी) असेल तर जास्तच, कारण डेल्टामधले नवे ब्लॉक आधी मूळ फाईलमध्ये जागा घेतात आणि डेल्टाची जागा शेवटी सुटते. म्हणून आधी दुसरीकडून जागा करावी: इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाईली हलवाव्यात, एखादं बंद मशीन दुसऱ्या डेटास्टोअरवर न्यावं, स्टोरेजवर जागा शिल्लक असेल तर डेटास्टोअरच वाढवावं. विलीनीकरण त्यानंतर.

स्नॅपशॉटशिवायची वाट

प्रॉक्समॉक्समध्ये बॅकअपच्या पद्धतीचं नाव स्नॅपशॉट असलं, तरी तिथे डेल्टा फाईल बनत नाही. बॅकअप चालू असताना मशीनने अजून न वाचलेल्या ब्लॉकवर लिहायला घेतलं, तर क्यूईएमयू तो जुना ब्लॉक आधी बॅकअपकडे पाठवतो आणि मग लिहू देतो. विलीनीकरणाचा प्रश्नच येत नाही. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. बॅकअपचा साठा हळू असेल, तर मशीनचं लिखाण त्याच्यासाठी खोळंबतं. आवृत्ती ८.२मध्ये यावर फ्लीसिंग ही सोय आली. जुने ब्लॉक आधी जवळच्या वेगवान साठ्यावर ठेवले जातात आणि तिथून सवडीने बॅकअपकडे जातात.

साध्या केव्हीएमवर एक्स्टर्नल स्नॅपशॉट वापरत असाल, तर शेवटी ब्लॉक-कमिट करून मशीनला मूळ फाईलवर परत आणणं हे तुमच्या स्क्रिप्टचंच काम आहे. स्नॅपशॉट घेणारी ओळ असलेल्या आणि परत आणणारी ओळ विसरलेल्या स्क्रिप्ट बऱ्याच सापडतात. फार व्यस्त मशिनांसाठी स्टोरेज ॲरेचा (डेटास्टोअर ज्यावर असतं त्या डिस्क-साठ्याचा) स्नॅपशॉट हा मला सर्वांत पटलेला मार्ग आहे. मशीनचा स्नॅपशॉट क्षणभर घ्यायचा, ॲरेवर संपूर्ण व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घ्यायचा, मशीनचा लगेच मिटवायचा आणि बॅकअप सावकाश ॲरेवरच्या प्रतीतून वाचायचा. डेल्टा वाढायला वेळच मिळत नाही.

हाताने घेतलेले, आणि घेता न येणारे

अपडेटच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट हा चांगला आधार असतो, पण तो मागे राहायचीही शक्यता तितकीच असते. व्हीएमवेअरची शिफारस स्पष्ट आहे: एक स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नये. साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण दोन-तीनांच्या पुढे जाऊ नये. हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर रोजचा बॅकअप होत राहतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण तो उघडा असेपर्यंत बॅकअपचा प्रत्येक स्नॅपशॉट त्याच्या डोक्यावर चढतो आणि त्याच डेल्टामध्ये विलीन होतो. शिवाय बॅकअपवरून मशीन परत आणलं, की बहुतेक प्रोग्राम ते एकसंध डिस्कसह आणतात, जुने स्नॅपशॉट परत मिळत नाहीत.

काही मशिनं मागे नेणं मुळातच धोक्याचं असतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली खाती सांभाळणारा सर्व्हर) जुन्या स्नॅपशॉटवर नेला, तर तो वापरून झालेले बदल-क्रमांक पुन्हा वापरू लागतो आणि बाकीचे कंट्रोलर त्याचे नवे बदल घेत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२पासून व्हीएम-जनरेशन आयडी या ओळखक्रमांकामुळे कंट्रोलरला आपण मागे आलो हे कळतं, पण त्यासाठी हायपरव्हायझरचीही साथ लागते. साध्या विंडोज मशीनचंही तसंच. डोमेनमधलं मशीन आपला पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलतं, त्यामुळे दीड महिन्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर गेल्यास त्याचं डोमेनशी नातं तुटू शकतं.

व्हीएमवेअरमध्ये इंडिपेंडंट म्हणून जोडलेल्या डिस्क स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत आणि फिजिकल मोडमधल्या आरडीएम (स्टोरेजवरून थेट मशीनला जोडलेल्या) डिस्कचा स्नॅपशॉट होत नाही. त्यांच्यावरचा डेटा मशीनच्या आत बसवलेल्या एजंटने वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे अशा डिस्क कुठे आहेत, याची यादी आधीच करून ठेवा.

राहता राहिली रोजची देखरेख. बॅकअप संपल्यावर तासा-दोन तासांनी चालणारी एक स्क्रिप्ट लिहावी. तिने प्रत्येक मशीन खरोखर कोणत्या डिस्क फाईलवर चाललं आहे ते पाहावं. स्नॅपशॉटची यादी एवढ्यासाठी पुरेशी नाही, कारण मागे राहिलेले डेल्टा तिच्यात दिसत नाहीत. ०००००१ सारखा आकडा किंवा एव्हीएचडीएक्स दिसलं की ते मशीन अहवालात यावं, सोबत डेल्टाचा आकार आणि वय. कन्सॉलिडेटची सूचना असलेली मशिनं वेगळी दाखवावीत. हाताने घेतलेल्या प्रत्येक स्नॅपशॉटच्या नावात तारीख, कारण आणि घेणाऱ्याचं नाव असावं. ७२ तास उलटलेल्या स्नॅपशॉटची सूचना बॅकअप सांभाळणाऱ्यासोबत तो घेणाऱ्यालाही जावी, कारण तो आता काढायचा की नाही हे त्यालाच सांगता येतं.